स्तनाच्या गाठीची स्लाइड: सौम्य की घातक, हे ठरवण्याचा क्रम

स्तनाच्या बायोप्सीत होणाऱ्या चुका पाहिल्या, तर पेशी ओळखता आली नाही म्हणून झालेल्या थोड्या आणि क्रम उलटा झाला म्हणून झालेल्या जास्त. फॉर्म न वाचता स्लाइड लावली जाते. लावल्या लावल्या ४०ची ऑब्जेक्टिव्ह (४० पट मोठं दाखवणारं भिंग) फिरते. तिथे एखादं मोठं केंद्रक दिसतं, त्यात ठळक ठिपका, म्हणजे न्यूक्लिओलस दिसतो, आणि तिथून पुढे डोळा फक्त कॅन्सरचे पुरावे गोळा करत सुटतो. याच्या उलटही घडतं. वय बावीस, फॉर्मवर ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ लिहिलेलं, म्हणून स्ट्रोमाकडे (ग्रंथींमधल्या आधार-टिश्यूकडे) कुणी नीट बघतच नाही.

दोन्ही चुका बाईच्या अंगावर येतात. एकीत नको असलेली शस्त्रक्रिया होते, दुसरीत उपचाराचे महिने हातातून जातात.

हा लेख छोट्या लॅबमध्ये एकट्याने सही करणाऱ्या तरुण पॅथॉलॉजिस्टसाठी आहे. म्हापसा, फोंडा, मडगाव अशा गावांत असे बरेच जण आहेत, शेजारी विचारायला कुणी नसतं. एमडी करणाऱ्यांना आणि ग्रॉसिंग (नमुना डोळ्यांनी पाहून, कापून तुकडे निवडणं) सांभाळणाऱ्या टेक्निशियननाही तो उपयोगी पडेल. रुग्णांच्या घरच्यांनी जरूर वाचावा, पण त्यावरून रिपोर्टचा अर्थ स्वतः लावू नये.

एक शब्द आधीच स्वच्छ करून घेऊ. ट्यूमर म्हणजे कॅन्सर नव्हे. फायब्रोअ‍ॅडिनोमा हाही ट्यूमरच, आणि तो सौम्य. गोव्यात काय किंवा सिंधुदुर्गात काय, घरच्यांच्या कानावर ‘ट्यूमर’ पडला की ते सुतकातच बसतात. म्हणून बोलताना आणि लिहिताना ‘सौम्य गाठ’, ‘घातक गाठ’ असे शब्द वापरा.

## टप्पा १ : नमुना बिघडू न देणं

इथे बिघडलेली गोष्ट पुढे कुठल्याही स्टेनने (रंगाने) दुरुस्त होत नाही.

१. बाटली रुंद तोंडाची हवी. पाण्याच्या अरुंद बाटलीत ताजी, मऊ गाठ दाबून आत जाते. फॉर्मलिनमध्ये ती कडक झाली की बाहेर निघत नाही, आणि ओढून काढताना कडा फाटतात. मग मार्जिनबद्दल (गाठ कापलेल्या कडेपर्यंत पोचली आहे का, याबद्दल) काहीच खात्रीने सांगता येत नाही.

२. द्रावण १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनचं. एक लिटरसाठी बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर न घातलेलं, आम्लधर्मी झालेलं फॉर्मलिन रक्ताळ टिश्यूत काळपट-तपकिरी रंगकण सोडतं आणि स्लाइड गढूळ दिसते.

३. द्रावण टिश्यूच्या किमान १० पट. गाठ बुडाली म्हणजे झालं, असं नाही.

४. गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मलिनमध्ये जाईपर्यंत एक तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये. दोन्ही वेळा बाटलीवर लिहा.

५. फॉर्मलिनमध्ये राहण्याचा काळ कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. गाठ घातक निघाली तर ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (वाढीला चालना देणारं प्रथिन) या तपासण्या याच टिश्यूवर होणार आहेत. वेळ चुकली की त्यांचे निकाल भरवशाचे राहत नाहीत.

मोठी गाठ अखंड ठेवली तर फॉर्मलिन आतपर्यंत वेळेत पोचत नाही. ते ताशी साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरतं. बाहेरून टणक झालेली पाच सेंटिमीटरची गाठ दुसऱ्या दिवशी कापली तर मधोमध लिबलिबीत सापडते. म्हणून शाई लावून ती लवकर कापायची (टप्पा ३ पाहा).

इशारा : सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून आलेला नमुना गुपचूप फॉर्मलिनमध्ये टाकू नका. कशात आला, किती वाजता आला, हे रजिस्टरमध्ये आणि रिपोर्टमध्ये लिहा. सर्जनला फोन करून सांगा. पुढच्या वेळी नमुना नीट येतो तो या फोनमुळेच.

गोव्यापुरती सूचना : काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याहून नमुना निघतो तो बहुधा कुणाच्या तरी हातातून, बसने किंवा गाडीने. शनिवारी संध्याकाळी काढलेली गाठ सोमवारी पोचते. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) सुट्टीत तर ७२ तास सहज उलटतात. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर सर्जनशी आधीच बोलून ती आठवड्याच्या सुरुवातीला घ्यायला सांगा.

## टप्पा २ : स्लाइडच्या आधी कागद

मायक्रोस्कोपचा दिवा लावण्याआधी पाच गोष्टी समोर हव्यात: वय, बाजू आणि गाठीची नेमकी जागा, गर्भारपण किंवा स्तनपान, आधी सुई किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का आणि कधी, आणि सोनोग्राफी वा मॅमोग्राफीचा अहवाल बाय-रॅड्स श्रेणीसह (चित्रावरून कॅन्सरचा संशय किती, ते सांगणारी श्रेणी).

फॉर्मवर बहुतेक वेळा यातली पहिली एकच असते. बाकीच्यांसाठी फोन करावा लागतो, आणि तो करायचाच. स्तनपान चालू असल्याची गोष्ट फॉर्मवर क्वचितच येते, पण ती माहीत नसेल तर मोठा घोटाळा होऊ शकतो. तो पुढे येईलच.

बायका ओपीडीत सांगतात, “गांठ आसा, पूण दुखना.” तेच फॉर्मवर ‘वेदनारहित गाठ’ म्हणून उतरतं आणि वाचणाऱ्याला उगाच हायसं वाटतं. न दुखणं हे सौम्यपणाचं लक्षण नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

राज्यात २०२१ पासून ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहिमेत हातात धरायच्या उपकरणाने स्तनांची तपासणी होते. ते उपकरण टिश्यूचा ताठरपणा टिपतं, निदान करत नाही. फॉर्मवर ‘स्क्रीनिंगमध्ये सापडलं’ एवढंच असेल तर सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीचा कागद मागून घ्या.

तपासा : फॉर्मवरचं नाव, बाजू आणि नंबर बाटलीवरच्या चिठ्ठीशी जुळतात का? डावी-उजवी जुळत नसेल तर सर्जन स्वतः सांगेपर्यंत कॅसेट (टिश्यूचे तुकडे ठेवायची डबी) भरू नका.

## टप्पा ३ : ग्रॉसिंग आणि प्रोसेसिंग

आधी शाई, मग सुरी. हा क्रम उलटला की कापलेला पृष्ठभागही मार्जिनसारखा दिसायला लागतो. सर्जनने टाके घालून दिशा दिली असेल तर कोणता टाका कुठला, हे फॉर्मवरून पक्कं करा. बऱ्याच ठिकाणी आखूड टाका वरच्या बाजूला आणि लांब टाका बाहेरच्या बाजूला असतो, पण गृहीत धरू नका.

पाच मिलिमीटरचे काप करा. बोट फिरवा. फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ रबरासारखी, कापल्यावर फुगून वर येणारी, बारीक चिरा असलेली. फायलॉइड्समध्ये (स्ट्रोमा वाढून होणाऱ्या गाठीत) या चिरा मोठ्या, पानांच्या घड्यांसारख्या. नेहमीच्या कॅन्सरवर सुरी फिरते तेव्हा कच्चा पेरू कापल्यासारखी कुरकुर हाताला जाणवते आणि कडा आजूबाजूच्या चरबीत तारकेसारखी शिरलेली दिसते. फॅट नेक्रोसिसही (मेलेल्या चरबीचा भाग) टणक लागतो, पण त्यात पिवळट-पांढरा, खडूसारखा भाग सापडतो. हाताला काय लागलं ते शब्दांत लिहून ठेवा, कारण शेवटी ते स्लाइडशी जुळवायचं आहे.

लहान गाठ पूर्ण घ्या. मोठ्या फायब्रोएपिथेलियल गाठीतून (ग्रंथी आणि स्ट्रोमा दोन्ही असलेल्या गाठीतून) दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा), आणि त्यात कडा हवीच. नुसता मधला भाग घेतला तर गाठ बाजूच्या टिश्यूत शिरते आहे की नाही, ते कळायला मार्ग उरत नाही.

ट्रू-कटचे (जाड सुईच्या बायोप्सीचे) तुकडे मोजा, लांबी लिहा, फिल्टर पेपरमध्ये ठेवा. एका कॅसेटमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर सगळे एका पातळीत बसत नाहीत. पहिल्यांदा ब्लॉक कापतानाच तीन लेव्हल्स (वेगवेगळ्या खोलीवरचे काप) घ्या आणि मधल्या फिती कोटेड स्लाइडवर न रंगवता राखून ठेवा. इम्युनोसाठी (अँटिबॉडी वापरून करायच्या स्टेनसाठी) पुन्हा ब्लॉक लावला की ट्रिमिंगमध्ये नेमका हवा तोच भाग उडतो.

पावसाळ्यातली खबरदारी : जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलला पाणी पाजते. झायलीन दुधाळ दिसलं तर टिश्यूत पाणी राहिलं आहे. अशा स्लाइडवर केंद्रकं काळपट, पुसल्यासारखी दिसतात आणि नवखा डोळा त्यांना ‘हायपरक्रोमॅटिक’ (अति गडद) म्हणतो. शेवटच्या अल्कोहोलच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट ठेवा. ते निळं झालं की अल्कोहोल बदला. स्लाइड वाईट असेल तर निदान करत बसू नका, नवी कापायला सांगा.

## टप्पा ४ : आधी ४ची ऑब्जेक्टिव्ह, आणि तिथेच थांबा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हा टप्पा ठेवा.

लो पॉवरवर स्वतःला विचारायचा प्रश्न असा: ही वाढ लोब्यूलचा (ग्रंथींच्या घोसाचा) आकार राखून आहे, की वाट्टेल तिकडे पसरली आहे? आपल्या कुळागराचं (सुपारीच्या बागेचं) उदाहरण घ्या. आत माडी (पोफळी), केळी, मिरवेल यांची कितीही दाटी असो, मेर (हद्द) सांभाळलेली असते. वरून पाहिलं तर कुळागर कुठे संपतं ते कळतं. रान माजतं तेव्हा ते मेर ओलांडून शेजारच्या शेतात जातं. सौम्य आणि घातक वाढीतला पहिला फरक असाच वरून दिसतो, झाडाजवळ जाऊन पान तपासताना तो हरवतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका ३८ वर्षांच्या बाईची ट्रू-कट आली होती. ४०वर चेपलेल्या, टोकदार, बारीक ग्रंथी आणि भोवती दाट फायब्रोसिस. मी ‘इन्व्हेजिव कार्सिनोमाचा संशय’ (म्हणजे आजूबाजूला शिरलेला कॅन्सर) असं लिहिलं. सही करण्याआधी ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवायला गेले. त्यांनी ४ लावली, स्लाइड एकदा सरकवली आणि म्हणाले, “बाहेरची कडा गोल आहे. आता वर जा आणि ग्रंथीचा बाहेरचा मायोएपिथेलियल थर शोध.” ते सौम्य स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिस होतं. त्या बाईला मी कधी भेटले नाही, पण तो कागद मी तसाच पाठवला असता तर काय झालं असतं, हे मनातून जात नाही.

या टप्प्यावर गोंधळ करणारं त्रिकूट ओळखून ठेवा.

स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिस : लोब्यूलभोवती बांधलेली वाढ. मधोमध ग्रंथी चेपलेल्या, कडेला थोड्या उघड्या. कधी कधी ती मज्जातंतूभोवतीही दिसते. तेवढ्यावरून कॅन्सर म्हणू नका.

रेडियल स्कार : मध्यभागी इलॅस्टिक तंतूंचा निबर डाग, त्यात अडकलेल्या काही ग्रंथी आणि तिथून बाहेर फुलाच्या पाकळ्यांसारख्या पसरणाऱ्या नलिका. आकार १ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर त्याला कॉम्प्लेक्स स्क्लेरोझिंग लीजन म्हणतात. मॅमोग्राफीवर हा हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो.

ट्यूब्युलर कार्सिनोमा : उघड्या, कोनदार ग्रंथी, पेशींचा एकच थर, आतल्या बाजूला पेशींची टोकं फुगलेली, भोवती सैलसर पेशीयुक्त स्ट्रोमा आणि चरबीत मनमानी शिरकाव. पेशी मात्र इतक्या साध्या की ४०वर त्या अगदी निरुपद्रवी वाटतात. रचनेकडे न बघणारा इथे हमखास फसतो.

आणखी एक धोका आहे. इन्व्हेजिव लोब्युलर कार्सिनोमा लो पॉवरवर कधी कधी ‘काहीच नाही’ असा दिसतो. एका ओळीत चाललेल्या बारीक पेशी लिम्फोसाइटसारख्या भासतात. गाठ हाताला स्पष्ट लागते आणि स्लाइडवर नुसता फायब्रस स्ट्रोमा, असं असेल तर पॅनसायटोकेरॅटिन (एपिथेलियल पेशी रंगवणारा इम्युनो) लावल्याशिवाय ‘सौम्य’ लिहू नका.

तपासा : लो पॉवरवर झालेलं मत एका ओळीत कागदावर लिहिलं का? पुढे हाय पॉवरने मत बदललं, तर कशामुळे बदललं हे मग स्वतःलाच दिसतं.

## टप्पा ५ : बांध शाबूत आहे का?

स्तनाच्या नलिकेत आणि लोब्यूलमध्ये पेशींचे दोन थर असतात, आत ल्युमिनल आणि बाहेर मायोएपिथेलियल. त्याबाहेर बेसमेंट मेम्ब्रेन. खाजनाला (भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेताला) जसा बांध, तसा हा थर. घातक पेशी नलिकेतच असतील तर बांध असतो, म्हणजे इन सिटू. बांध फोडून स्ट्रोमात गेल्या तर इन्व्हेजिव.

क्रम असा ठेवा: आधी एच अँड ईवर (नेहमीच्या स्टेनवर) १० आणि २०ने शोधा. मायोएपिथेलियल पेशी चपट्या, गडद किंवा पारदर्शक सायटोप्लाझमच्या दिसतात. दिसल्या नाहीत, तरच इम्युनोकडे जा.

इम्युनोमध्ये एकाच मार्करवर विसंबू नका. एक केंद्रकातला, एक सायटोप्लाझममधला, असे किमान दोन हवेत. पी६३ केंद्रकात रंगतो, त्यामुळे तो स्वच्छ वाचता येतो, पण थर ताणलेला असेल तर ठिपके दूर दूर पडतात आणि मधली मोकळी जागा ‘बांध फुटला’ अशी वाटते. स्मूथ मसल मायोसिन हेवी चेन किंवा कॅल्पोनिन जोडीला घ्या. स्मूथ मसल अ‍ॅक्टिन एकटा वापरू नका. तो मायोफायब्रोब्लास्ट आणि रक्तवाहिन्याही रंगवतो. कॅन्सरच्या ग्रंथीला चिकटलेला मायोफायब्रोब्लास्ट रंगला की आपण त्याला मायोएपिथेलियल समजतो आणि कॅन्सर सुटतो. प्रत्येक वेळी त्याच स्लाइडवरची एखादी नॉर्मल नलिका आधी बघा. तिथे रंग नीट आला नसेल तर बाकीचं वाचण्यात अर्थ नाही.

अपवाद, जे पाठ असायलाच हवेत : मायक्रोग्लँड्युलर अ‍ॅडिनोसिसमध्ये मायोएपिथेलियल थर नसतो, तरीही ती इन्व्हेजिव वाढ नव्हे. तिथे बेसमेंट मेम्ब्रेन असते, एस-१०० पॉझिटिव्ह आणि ईआर निगेटिव्ह येतो. एन्कॅप्स्युलेटेड पॅपिलरी कार्सिनोमाच्या कडेलाही हा थर बहुधा मिळत नाही, पण तो नेहमीच्या इन्व्हेजिव कॅन्सरसारखा वागत नाही. म्हणजे ‘थर नाही, म्हणून इन्व्हेजिव’ हे वाक्य रचना पाहिल्यानंतरच लिहायचं.

पॅपिलरी वाढीत थर दोन ठिकाणी शोधा, आतल्या पाकळ्यांवर आणि बाहेरच्या कडेला. पॅपिलोमात तो पाकळ्यांवर असतो.

## टप्पा ६ : नलिकेच्या आत काय भरलं आहे?

बांध शाबूत आहे, पण नलिका पेशींनी भरली आहे. आता तीन पर्याय समोर येतात: साधी हायपरप्लेझिया (पेशींची जास्त वाढ), अ‍ॅटिपिकल हायपरप्लेझिया आणि डीसीआयएस (नलिकेतच राहिलेला, इन सिटू कॅन्सर).

साध्या हायपरप्लेझियात पेशी एकसारख्या नसतात. काही लांबट, काही गोल, केंद्रकं एकमेकांवर चढलेली, सगळा घोळका एका दिशेने वाहत असल्यासारखा. मधली भोकं वेडीवाकडी, फटींसारखी आणि बहुतेक कडेला. लोकरीचा गुंता जसा दिसतो तसा.

अ‍ॅटिपिकल हायपरप्लेझिया आणि लो ग्रेड डीसीआयएस दोन्हींत शिस्त दिसते, आणि इथे शिस्त हीच काळजीची गोष्ट आहे. एकाच साच्यातल्या गोल पेशी, सारख्या अंतरावर, पंचिंग मशीनने पाडल्यासारखी गोल भोकं, ताठ कमानी. दोघांत फरक मुख्यतः व्याप्तीचा. पूर्ण बदल दोन नलिकांपेक्षा कमी किंवा २ मिलिमीटरपर्यंतच असेल तर अ‍ॅटिपिकल. त्यापुढे डीसीआयएस. केंद्रकं हाय ग्रेड असतील तर मोजपट्टी लागत नाही. छोटीशी असली तरी ती डीसीआयएसच.

मदतीला सीके५/६ आणि ईआर. साध्या हायपरप्लेझियात सीके५/६ चट्ट्यापट्ट्यांनी रंगतो आणि ईआर कुठे आहे, कुठे नाही. अ‍ॅटिपिकल आणि लो ग्रेड डीसीआयएसमध्ये सीके५/६ निगेटिव्ह, ईआर सगळीकडे जोरात. या जोडीने पहिल्याला दुसऱ्या दोघांपासून वेगळं करता येतं. त्या दोघांना एकमेकांपासून नाही. अ‍ॅपोक्राइन पेशींमध्ये तर ही जोडी लावूच नका. त्या सौम्य असल्या तरी सीके५/६ आणि ईआर दोन्ही निगेटिव्ह येतात.

इशारा : ट्रू-कटवर अ‍ॅटिपिकल हायपरप्लेझिया सापडली तर ‘कॅन्सर नाही’ असं लिहून विषय संपवू नका. सुईत आलेला भाग शेजारच्या डीसीआयएसची कडही असू शकतो. अशा वेळी बहुधा तो भाग शस्त्रक्रियेने काढून पूर्ण तपासावा लागतो. शिवाय अ‍ॅटिपिकल हायपरप्लेझिया असलेल्या बाईला पुढे कॅन्सर होण्याचा धोका सर्वसाधारण बाईपेक्षा सुमारे ४ पट असतो. तिला नियमित तपासणीची गरज आहे, हे रिपोर्टमधून सर्जनपर्यंत पोचायला हवं.

## टप्पा ७ : फायब्रोअ‍ॅडिनोमा की फायलॉइड्स

इथे ग्रंथी सौम्यच असतात. निकाल स्ट्रोमा देतो, म्हणून डोळे ग्रंथींवरून काढून स्ट्रोमावर ठेवा. बघायच्या गोष्टी: स्ट्रोमा किती पेशीमय आहे, पेशी किती वेड्यावाकड्या आहेत, मायटोसिस (पेशीविभाजन) किती, कडा ढकलणारी आहे की शिरणारी, आणि स्ट्रोमाने ग्रंथींना गिळलं आहे का. या शेवटच्या गोष्टीची खूण सोपी आहे. ४च्या ऑब्जेक्टिव्हमध्ये एका पूर्ण फील्डमध्ये एकही ग्रंथी दिसली नाही, तर तिला स्ट्रोमल ओव्हरग्रोथ म्हणायचं.

मायटोसिस दर चौरस मिलिमीटरला २.५पेक्षा कमी असेल तर सौम्य फायलॉइड्सकडे कल, २.५ किंवा जास्त पण ५पेक्षा कमी असेल तर बॉर्डरलाइन, ५ किंवा जास्त असेल तर घातक. पण हा एकच आकडा घेऊन निदान करू नका, बाकीची लक्षणं सोबत हवीत. मोजणी सर्वांत पेशीमय भागात करा.

ट्रू-कटवर स्ट्रोमा पेशीमय दिसला की ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. ‘पेशीमय फायब्रोएपिथेलियल लीजन, फायलॉइड्स नाकारता येत नाही, पूर्ण गाठ काढून तपासावी’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ वाचून सर्जन गाठ सालीसकट सोलून काढतो. ती फायलॉइड्स निघाली तर तिथेच पुन्हा उगवू शकते.

## टप्पा ८ : कॅन्सरचं सोंग घेणाऱ्या गोष्टी

गर्भारपण आणि स्तनपान : पेशी मोठ्या, सुट्या, न्यूक्लिओलस ठळक, सायटोप्लाझम फेसाळ. एफएनएसीच्या (बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीच्या) स्मीअरवर हे चित्र भल्याभल्यांना फसवतं. मागे फेसाळ, चरबीच्या थेंबांची पार्श्वभूमी दिसली तर आधी फोन करा: बाळ किती महिन्यांचं आहे?

फॅट नेक्रोसिस : फुटलेल्या चरबीपेशी, फेसाळ हिस्टिओसाइट (साफसफाई करणाऱ्या पेशी), जायंट सेल्स. मार लागल्याचं बाईला आठवत नसतं बऱ्याचदा. हिस्टिओसाइटच आहेत ना, अशी शंका आली तर सीडी६८ आणि सायटोकेरॅटिन एकत्र लावा. हिस्टिओसाइटसारखा दिसणारा लोब्युलर कार्सिनोमा असतो.

ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस : तरुण बाई, बाळंतपणाला काही वर्षं झालेली, टणक गाठ, ओढलेली त्वचा. सर्जन कॅन्सर समजूनच पाठवतो. ग्रॅन्युलोमा लोब्यूलभोवती आहेत का बघा. आपल्या देशात क्षयाचा विचार केल्याशिवाय हा रिपोर्ट सोडू नये: झील-नीलसन (झेडएन, क्षयजंतूंचा स्टेन), बुरशीसाठी पीएएस, जमल्यास ताज्या नमुन्यावर कल्चर आणि मॉलिक्युलर तपासणी. ग्रॅन्युलोमाच्या मधोमध रिकामी पोकळी आणि तिच्याभोवती न्यूट्रोफिल असतील तर ग्रॅम स्टेनही करा. त्या पोकळीत कोरिनेबॅक्टेरियम सापडतो. झेडएन निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाहीच, असं लिहू नका.

सुईच्या मार्गातले पेशीसमूह : आधी सुई टोचलेल्या गाठीत, विशेषतः पॅपिलरी, पेशींचे तुकडे सुटून स्ट्रोमात पडतात. ते इन्व्हेजनसारखे दिसतात. सरळ रेषेत आहेत का, आजूबाजूला जुनं रक्त, हिमोसिडरिन, ग्रॅन्युलेशन टिश्यू आहे का, हे बघा. टप्पा २मध्ये ‘सुई कधी टोचली’ हा प्रश्न यासाठीच होता.

एफएनएसीबद्दल एवढंच: तिने कॅन्सर आहे असं म्हणता येतं, पण तो इन सिटू की इन्व्हेजिव हे सांगता येत नाही. पाच श्रेणींपैकी ‘अपुरा नमुना’ ही श्रेणी ‘सौम्य’ नव्हे. घरचे हा कागद घेऊन ‘काही निघालं नाही’ म्हणून परत जातात. रिपोर्टमध्ये ‘पुन्हा नमुना घ्यावा’ हे ठळक लिहा.

## टप्पा ९ : तिन्ही कागद शेजारी ठेवा

हाताला काय लागलं, चित्रात काय दिसलं, स्लाइडवर काय आहे. तिन्ही जुळले तर पुढे जा. बाय-रॅड्स ५ म्हणजे घातक असण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून जास्त. त्यावर ट्रू-कटमध्ये नुसता फायब्रोसिस आला, तर तुमचं निदान चुकलं असं नाही, बहुधा सुई गाठीत गेलेली नाही. ‘चित्राशी जुळत नाही, बायोप्सी पुन्हा घ्यावी’ हे वाक्य रिपोर्टमध्येच हवं. फोनवर बोललेलं विसरलं जातं.

कॅल्सिफिकेशनसाठी बायोप्सी झाली असेल आणि स्लाइडवर ते दिसत नसेल, तर पोलराइझ्ड लाइट लावा. कॅल्शियम ऑक्झलेट एच अँड ईवर रंग घेत नाही, पोलराइझ केल्यावर चमकतं. तरीही नसेल तर ब्लॉकचा एक्स-रे काढून खोल लेव्हल्स घ्या.

## टप्पा १० : लिहिणं आणि सोपवणं

ट्रू-कटसाठी बी श्रेणी द्या: बी१ नॉर्मल किंवा निष्कर्ष काढता न येणारा, बी२ सौम्य, बी३ अनिश्चित, बी४ संशयास्पद, बी५ घातक. बी५मध्ये इन सिटूला ए आणि इन्व्हेजिवला बी जोडा. बी३ आणि बी४ यांची गल्लत करू नका. बी३ म्हणजे निदान माहीत आहे, पण शेजारी आणखी काही असू शकतं. बी४ म्हणजे कॅन्सरच वाटतो आहे, पण पुरावा पुरेसा नाही.

बी४वर स्तन काढण्याची शस्त्रक्रिया होऊ नये. तसं स्पष्ट लिहा.

शंका असेल तर स्लाइड दुसऱ्याला दाखवा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये. दाखवण्यात कमीपणा नाही. स्लाइडसोबत ब्लॉकही द्या आणि दिल्याची नोंद सहीनिशी ठेवा. घरच्यांना समजावून सांगा की ब्लॉक हातातल्या पिशवीत न्यायचा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या ब्लॉकचं मेण मऊ पडतं. आणि मुंबईहून परत येताना तो मागून आणायचा, कारण दोन वर्षांनी गाठ पुन्हा आली तर जुन्या ब्लॉकशी तुलना करावी लागते.